नेवाळीची धावपट्टी : ‘लढाईला दिलेल्या’ जमिनीचा इतिहास

वाचकहो, मी इतिहासाचा अभ्यासक नाही. सुरतेच्या पर्वत पाटिया भागात गेली पस्तीस वर्षे होमिओपॅथीचा दवाखाना चालवणारा एक डॉक्टर आहे. आमच्या शास्त्रात रोग्याची हकीकत ऐकण्याला औषधाइतकेच महत्त्व असते. ‘काय होते?’ या प्रश्नामागोमाग ‘केव्हापासून होते?’ आणि ‘त्याच्या आधी काय घडले होते?’ हे दोन प्रश्न विचारावेच लागतात. रोग्याने वापरलेला शब्द केसपेपरवर जसाच्या तसा उतरवायचा, त्याला आपल्या भाषेत सजवायचे नाही, हीदेखील शिस्त असते. आज ज्या जागेविषयी लिहितो आहे, तिची हकीकत मी याच रीतीने घेतली आहे. ही जागा म्हणजे ठाणे जिल्ह्यात कल्याणजवळ, नेवाळी गावाच्या हद्दीत इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धात बांधलेली आणि पुढे ओस पडलेली लष्करी धावपट्टी.

माझ्या थोरल्या बहिणीचे सासर कल्याणचे. 1985 च्या उन्हाळ्यात, शिकत असताना, मी तिच्याकडे गेलो होतो. जिजाजींनी नवी स्कूटर घेतली होती आणि मला ती शिकायची होती. “रनवेवर जाऊ,” ते म्हणाले, “पडलास तरी समोरून कोणी येणार नाही.” मलंगगडाच्या रस्त्याने द्वारली मागे टाकून आम्ही नेवाळीकडे गेलो. भाताच्या कोरड्या खाचरांच्या मधोमध एकदम रुंद, सपाट आणि डोळ्यांना न पटावा इतका सरळ पट्टा लागला. भेगांतून गवत वर आले होते. कडेला गुरे चरत होती. लांबवर मलंगगडाचे सुळके दिसत होते. मी दोनदा पडलो, तिसऱ्यांदा तोल सावरला.

पाणी मागायला आम्ही कडेच्या झाडाखाली बसलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याकडे गेलो. मी सहज विचारले, “बाबा, ही जागा कुणाची?”

“आमचीच.”

“मग इथे भात का नाही?”

“लढाईला दिलीय.”

पाणी पिऊन आम्ही परतलो. तो शब्द मात्र माझ्या मनात राहिला. ‘घेतली’ नव्हे, ‘दिली होती’ही नव्हे, ‘दिलीय’. लढाई संपून तेव्हा चाळीस वर्षे झाली होती. लग्नकार्यासाठी शेजाऱ्याला मोठे पातेले द्यावे आणि ते अजून परत यायचे असावे, तसा त्या माणसाचा स्वर होता. नेवाळीचा सगळा इतिहास त्या एका क्रियापदात साठलेला आहे, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले.

आधी काय घडले होते?

1942 साल आठवा. 15 फेब्रुवारीला सिंगापूर जपानच्या हाती पडले. 8 मार्चला रंगून गेले. 5 एप्रिलला कोलंबोवर हवाई हल्ला झाला आणि दुसऱ्याच दिवशी, 6 एप्रिलला, विशाखापट्टणम आणि काकीनाडा येथे बाँब पडले. त्याआधी हिंदुस्थानच्या संरक्षणाचा विचार म्हणजे प्रामुख्याने वायव्य सरहद्दीचा विचार, खैबरखिंडीकडे तोंड करून केलेला. आता शत्रू पूर्वेकडून आणि समुद्रावरून येत होता. जड लष्करी विमाने बारा महिने उतरू शकतील अशा धावपट्ट्या देशात फारच थोड्या होत्या. त्यामुळे दोनशेहून अधिक विमानतळ बांधण्याचा एक प्रचंड कार्यक्रम घाईघाईने हाती घेण्यात आला. बंगाल, आसाम आणि मद्रासच्या बाजूला तर ते झालेच. पण मुंबई हे पश्चिमेकडून येणाऱ्या फौजेचे आणि सामानाचे मुख्य दार असल्यामुळे तिच्या पाठीमागेही तयारी सुरू झाली.

कल्याणच का, याचे उत्तर रेल्वेच्या नकाशात आहे. मुंबईहून निघालेली आगगाडी 1 मे 1854 रोजी कल्याणला पोचली. पुढे तेथूनच लोहमार्गाला दोन फाटे फुटले. एक कसाऱ्याच्या घाटाने नाशिककडे आणि उत्तर हिंदुस्थानात जातो, दुसरा कर्जत आणि बोरघाटातून पुण्याकडे आणि दक्षिणेत उतरतो. गोदीत उतरलेली पलटण कल्याणला ठेवली की हुकूम येईल त्या दिशेला पाठवता येत असे. म्हणून कल्याणजवळ मोठी लष्करी छावणी वसली आणि तिच्यापासून काही मैलांवर विमानतळ झाला.

जमीन मिळवण्याचे साधन तयार होतेच. 1939 च्या भारत संरक्षण कायद्याने आणि त्याखालच्या नियमांनी सरकारला कोणतीही स्थावर मिळकत हुकूम काढून ताब्यात घेता येत होती. 1942-43 मध्ये नेवाळी, भाल, द्वारली, वसार आणि शेजारच्या गावांची मिळून 1600 एकरांहून अधिक जमीन या विमानतळासाठी गेली. ते वर्ष ‘चले जाव’चेही होते. 9 ऑगस्टच्या पहाटे देशातले मोठमोठे पुढारी तुरुंगात गेले. अशा दिवसांत खाचराच्या बांधावर उभ्या राहिलेल्या गोऱ्या अधिकाऱ्याला ‘नाही’ म्हणणारा कुळवाडी कुठून येणार?

पन्नास एकर आणि सोळाशे एकर

ओस पडलेले विमानतळ पाहायला जाणारा माणूस धावपट्टी पाहतो आणि परत येतो. माझेही पहिल्यांदा तसेच झाले. पुढे केव्हातरी कागदावर एक साधे गणित मांडले, तेव्हा चित्र बदलले. तेच गणित तुमच्यापुढे ठेवतो.

युद्धाच्या मध्यावर ब्रिटिश हवाई दलाने जड विमानांच्या तळासाठी जो ठरावीक नमुना मान्य केला होता, त्यात मुख्य धावपट्टी 2000 यार्ड लांब, तिला छेद देणाऱ्या दोन धावपट्ट्या प्रत्येकी 1400 यार्ड लांब आणि सर्वांची रुंदी 50 यार्ड असे. प्रत्येक तळ त्या मापाने बरहुकूम झाला असे नाही, पण अंदाजाला हे माप पुरेसे आहे. तिन्ही धावपट्ट्यांचे मिळून क्षेत्रफळ 2,40,000 चौरस यार्ड भरते. एका एकरात 4840 चौरस यार्ड. म्हणजे सगळ्या धावपट्ट्या मिळून जेमतेम पन्नास एकर.

मग सोळाशे एकर कशाला? विमाने एकाच ठिकाणी ओळीने उभी केली तर एका हल्ल्यात सारीच जळतील. म्हणून ती दूरदूर विखरून, मातीच्या बांधांच्या आडोशाला उभी करायची. बाँब आणि काडतुसांची कोठारे माणसांच्या वस्तीपासून लांब ठेवायची. पेट्रोलचा साठा आणखी तिसरीकडे. दोन्ही टोकांना उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वाटेत झाड, घर, विजेचा खांब काही असता कामा नये. तंबू, भटारखाना, दवाखाना, गटारे, रस्ते हे वेगळेच. युद्धाच्या हिशेबाने हे सगळे योग्य असेलही. पण त्याचा अर्थ असा की घेतलेल्या जमिनीचा फार मोठा भाग जमीनच राहिला. त्यावर काँक्रीट नव्हते, खडी नव्हती. बांध मोडले गेले होते, एवढेच.

म्हणूनच लढाई संपली, विमाने गेली, आणि शेतकरी पुन्हा खाचरात उतरले. बांध घातले, राब भाजले, भात लावला. पुढची कित्येक दशके त्यांनी त्या जमिनीवर पीक काढले. नेवाळीला ‘अवशेष’ पाहायला जाल तेव्हा हे लक्षात ठेवा. भेगाळलेला पट्टा हा त्या जागेचा लहानसा भाग आहे. कागदावर विमानतळ आणि डोळ्यांना शेत अशी दुहेरी ओळख बाळगणारी हिरवी खाचरे हा तिचा मोठा भाग आहे.

तीन भावंडे

मुंबईच्या परिसरात लढाईने अशी बरीच ‘तात्पुरती’ कामे मागे ठेवली. त्यांतल्या तिघांची कुंडली शेजारीशेजारी मांडण्याजोगी आहे.

पहिले सांताक्रूझ. युद्धात तो हवाई दलाचा तळ होता. 1948 मध्ये तो नागरी विमान वाहतुकीकडे आला आणि पुढे वाढत वाढत आजचा मुंबईचा विमानतळ झाला.

दुसरी कल्याणची छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे लाखभर निर्वासितांना तिथल्या बराकींत आसरा मिळाला. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. आजही तिथे पत्ता सांगताना माणूस ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर पाच’ असे सांगतो. सैनिकांसाठी उभ्या केलेल्या बराकींतून दुकाने, कारखाने, शाळा आणि महाविद्यालये निघाली. आमच्या सुरतेच्या कापड बाजारात उल्हासनगरच्या व्यापाऱ्याला ओळखत नाही असा माणूस विरळा.

तिसरी नेवाळीची धावपट्टी. तिला ना विमाने मिळाली, ना माणसे. स्वातंत्र्यानंतर ती संरक्षण खात्याच्या नावावर राहिली. मुंबईला दुसरा विमानतळ हवा अशी चर्चा सुरू झाली आणि नवी मुंबईच्या जागेवर पर्यावरणाचे आक्षेप आले, तेव्हा 2010 च्या सुमारास पर्याय म्हणून कल्याणचेही नाव घेतले गेले. विमानतळ शेवटी पनवेलजवळच झाला. नेवाळी पुन्हा वाट पाहत राहिली. तिथून काही किलोमीटरवर अंबरनाथचे शिलाहारकालीन शिवमंदिर आहे, शके 982 म्हणजे इ.स. 1060 चे. त्याच्या प्रत्येक शिल्पाची नोंद अभ्यासकांनी केली आहे. ऐंशी वर्षांपूर्वीच्या धावपट्टीला मात्र आपण इतिहास मानत नाही.

अधिग्रहण की संपादन?

आता त्या वृद्धाच्या ‘दिलीय’ या शब्दाकडे वळू. कायद्यात दोन वेगळे शब्द आहेत. अधिग्रहण म्हणजे मालकी मूळ माणसाचीच ठेवून गरजेपुरता ताबा घेणे. त्यासाठी भाड्यासारखी भरपाई असते. संपादन म्हणजे किंमत देऊन मालकीच घेणे. पहिल्यात वस्तू उसनी घेतलेली असते, दुसऱ्यात विकत. नेवाळीच्या शेतकऱ्यांचे म्हणणे असे की लढाई संपल्यावर परत करण्याच्या बोलीवर जमीन घेतली होती. सरकारी बाजूचे म्हणणे असे की ही जमीन रीतसर संरक्षण खात्याची आहे. वादाचे मूळ हेच.

लढाई 1945 मध्ये संपली; लढाईपुरते दिलेले अधिकारही तिच्याबरोबर संपायला हवे होते. पण ताब्यातल्या जमिनी एकदम सोडणे सरकारला सोयीचे नव्हते. म्हणून आधी अध्यादेश निघाला, मग 1947 मध्ये अधिग्रहित जमिनींवरचा अधिकार चालू ठेवणारा कायदा झाला, आणि 1952 मध्ये स्थावर मालमत्तेच्या अधिग्रहणाचा आणि संपादनाचा केंद्रीय कायदा आला. हा कायदा मी वाचला तेव्हा दोन कलमांपाशी थबकलो. एका कलमात म्हटले आहे की अधिग्रहणातून सोडलेली मिळकत, स्वाभाविक झीज वगळता, होती तशा चांगल्या स्थितीत परत द्यावी. पुढच्याच कलमात, अधिग्रहित मिळकत सरकार कोणत्या प्रसंगी कायमची घेऊ शकते ते सांगितले आहे. त्यातला एक प्रसंग असा की अधिग्रहणाच्या काळात तिच्यावर सरकारी खर्चाने बांधकाम झाले असेल आणि त्याचा उपयोग सरकारसाठी राखणे आवश्यक वाटत असेल.

वाचकहो, याचा अर्थ नीट पाहा. उसन्या जमिनीवर आपण बांधकाम करायचे आणि त्याच बांधकामाच्या आधारे ती जमीन ठेवून घेण्याची वाट कायद्याने खुली ठेवायची. नेवाळीची जमीन याच वाटेने गेली असे मी म्हणत नाही. पण ओसाड धावपट्टी ही नुसती जुनी वस्तू नसते, ती ताब्याचा पुरावाही असू शकते, हे त्या कलमाने मला शिकवले.

न्यायालयापुढे हा तात्पुरतेपणाचा प्रश्न आलाच नाही असे नाही. मुंबईतील एक सदनिका सरकारने 1951 मध्ये अधिग्रहित केली होती आणि तीस वर्षांनंतरही सोडली नव्हती. 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणात स्पष्ट सांगितले की अधिग्रहण स्वभावतःच तात्पुरते असते. त्याच्या नावाखाली मिळकत कायमची दाबून ठेवता येणार नाही. तो खटला सदनिकेचा होता, वेगळ्या कायद्याखालचा होता. तत्त्व मात्र त्या वृद्धाला केव्हाच ठाऊक होते.

इतर देशांतही अशा गोष्टी घडल्या आहेत. लंडनजवळच्या हीथ्रो गावातली भाजीपाल्याची सुपीक जमीन 1944 मध्ये युद्धकाळातील अधिकार वापरून घेतली गेली. कारण दिले होते हवाई दलाच्या गरजेचे. त्या वेळी हवाई खात्यात उपमंत्री असलेल्या हॅरॉल्ड बाल्फर यांनी 1973 मध्ये आत्मचरित्रात कबूल केले की खरा हेतू पहिल्यापासून नागरी विमानतळाचाच होता. उलट त्याच देशात ग्रीनहॅम येथील गावचराई 1941 मध्ये विमानतळासाठी घेतली गेली. पुढे तिथे अमेरिकेची अण्वस्त्रे आली, स्त्रियांनी कुंपणाबाहेर 1981 पासून अनेक वर्षे शांततेसाठी तळ ठोकला. शेवटी अस्त्रे गेली, धावपट्टी उखडली गेली आणि 2000 साली ती जागा पुन्हा लोकांसाठी खुली झाली. आज तिथे गावची गुरे चरतात. तेव्हा परत करणे अशक्य असते, असे कोणी म्हणू नये.

22 जून 2017

नेवाळीला नौदलाने जमिनीभोवती संरक्षक भिंत बांधायला घेतली. खरिपाच्या तोंडावर शेतात जाण्याची वाट बंद होणार हे दिसताच गावे रस्त्यावर आली. 22 जून 2017 रोजी आंदोलन पेटले. रस्ते अडवले गेले, पोलिसांच्या गाड्या जाळल्या गेल्या. पोलिसांनी छऱ्यांच्या बंदुका चालवल्या. दोन्हीकडची माणसे जखमी होऊन रुग्णालयात गेली. मी जैन घरात वाढलो. हिंसेचे समर्थन माझ्याकडून होणार नाही, मग ती कोणाच्याही हातून घडो. पण डॉक्टर म्हणून एक सांगतो. ताप एका रात्रीत चढलेला दिसतो, तेव्हा तो त्याच रात्री सुरू झाला असे क्वचितच असते. वर्तमानपत्रांनी त्या दिवशी ताप मोजला. ‘केव्हापासून?’ हा प्रश्न विचारला असता तर 1942 पर्यंत मागे जावे लागले असते.

देशाच्या संरक्षणाला जमीन लागते, हे नाकारण्यात अर्थ नाही. आमच्या धर्मात गृहस्थासाठी परिग्रह-परिमाणाचे व्रत सांगितले आहे. आपल्याला किती लागते ते आधी ठरवायचे आणि त्यापलीकडचे धरून ठेवायचे नाही. राज्यसंस्थेलाही हे व्रत लागू पडते, असे मला वाटते. पन्नास एकरांच्या धावपट्टीसाठी सोळाशे एकर घेतले ते लढाईत. शांततेत त्याचा फेरविचार व्हायला हवा होता. 2013 च्या भूसंपादन कायद्यात, ताबा घेतल्यापासून पाच वर्षे न वापरलेली जमीन मूळ मालकाला, त्याच्या वारसांना किंवा भूमी-बँकेला परत करण्याची तरतूद आली. ती नेवाळीच्या जुन्या प्रश्नाला थेट लागू होईल असा माझा दावा नाही. पण न वापरलेले परत करावे, हे तत्त्व देशाने मान्य केले आहे.

माझी मागणी त्याहूनही लहान आहे. 1942-43 चे हुकूम, नकाशे आणि भरपाईच्या नोंदी गाववार उघड वाचून दाखवाव्यात. जमीन विकत घेतली असेल तर कोणाला किती दिले ते वारसांना कळू द्यावे. उसनी घेतली असेल तर तसे कबूल करावे. मालकी कोणाचीही ठरो, ऐंशी वर्षांचा संशय तरी निवारेल.

पर्वत पाटियाचा केसपेपर

हा विषय सुरतेत बसून का लिहावा, असे तुम्ही विचाराल. माझ्या दवाखान्यात येणारे निम्मे रोगी खान्देशातून आलेले आहेत. कोणी लूमवर, कोणी साड्यांच्या पार्सल-खात्यात. कोणाची जमीन कर्जात गेली, कोणाची भाऊबंदकीत, कोणाची 1972 मध्ये पुऱ्या झालेल्या उकाई धरणाच्या पाण्यात. एक म्हातारे गृहस्थ एक्स-रेच्या मोठ्या पाकिटात सात-बाराचा जुना उतारा ठेवतात. एकदा तो चुकून माझ्या टेबलावर आला. मी परत देऊ लागलो तर म्हणाले, “राहू द्या सोबत, डॉक्टरसाहेब. दुखणं तिथूनच सुरू झालंय.” मी तो शब्दन् शब्द केसपेपरवर उतरवला.

गेल्या वर्षी बहिणीकडे गेलो, तेव्हा भाच्याला घेऊन पुन्हा नेवाळीला गेलो. रस्त्यावर रिक्षा, डंपर, नव्या इमारतींच्या जाहिराती. मी स्कूटर शिकलो तो पट्टा आता भिंतीपलीकडे होता. आम्ही आत गेलो नाही. नाक्यावर चहा घेतला. पावसाळ्याची चाहूल होती. भिंतीच्या अलीकडच्या एका तुकड्यात राब भाजून झालेला होता, काळी राख पसरलेली होती. भाच्याने विचारले, “मामा, इथे बघायला काय आहे?”

मी त्याला त्या वृद्धाची गोष्ट सांगितली. 1942 साली दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीच्या पुढे गेले आहे. बांध मोडताना ज्यांनी डोळ्यांनी पाहिले अशी माणसे त्या गावांत आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली असतील. तुम्ही कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर यांपैकी कुठेही राहत असाल, तर एखाद्या रविवारी त्या गावांत जा. धावपट्टी दिसली नाही तरी चालेल. अशा एखाद्या आजोबा-आजीपाशी बसा, एकच प्रश्न विचारा आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. क्रियापदासकट.